तिळोबाचा दोरा

गाव जुन्या जागी होतं तेव्हा त्याच्या शिवेवर एक धोंडा होता. धोंडा अजूनही तिथंच आहे, गाव तेवढं उठलं. कमरेइतका उंच, काळाभोर, अंगावर पांढरे बारीक ठिपके. त्याला तिळोबा म्हणत, कारण तो वर्षाला एका तिळाएवढा वाढतो असा साऱ्या गावाचा भरवसा होता. जुनी माणसं सांगत, एक माहेरवाशीण तिथं भावाची वाट बघत बसली होती. भाऊ माहूरला रेणुकेच्या दर्शनाला गेलेला. तिनं ओटीतला एक खडा भुईवर ठेवला आणि त्याला म्हणाली, माझा भाऊ येईस्तोवर वाढत राहा, म्हणजे त्याला लांबून दिसशील. भाऊ आला नाही, बहीणही गेली. खडा मात्र दिल्या शब्दाला जागून वाढत राहिला. ज्या वर्षी तो वाढायचा थांबेल त्या वर्षी गावानं घरं सोडून रानात राहावं, असंही त्या गोष्टीच्या शेवटी सांगत.

त्याला मोजायचा मान सटवाजीच्या घराकडे होता. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी घरची धाकटी सून निरंकार उपास धरायची, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. तिसऱ्या प्रहरी डब्यातून गेल्या वर्षीचा दोरा काढायचा, ओला करायचा आणि तिळोबाच्या पोटाभोवती फिरवायचा. दोरा तीळभर अपुरा पडला की देव वाढला. मग नवा दोरा बेतून कापायचा, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचा आणि पुढल्या वर्षासाठी डब्यात ठेवायचा. दोरा लावताना सुनेशिवाय कुणी जवळ जायचं नाही. ती सांगेल ते गावानं मानायचं आणि तीळगूळ खाऊन घरी जायचं.

सटवाजीची बायको महानंदा हिनं हा मान पाच वर्षं सांभाळला. भूकंप झाला आणि मोजणी बंद पडली, ती अठरा वर्षं बंदच राहिली. आता नव्या गावात, सरकारनं आखून दिलेल्या ओळीतल्या घरात ती राहत होती. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी सगळं पाळत होती. बोलायची हळू, इतकं की सटवाजी म्हणायचा, "देवाला तरी ऐकू जातंय का तुझं?"

त्या वर्षी श्रावणातल्या शेवटच्या रविवारी पुनम लातूरहून अचानक घरी आली. पुनम म्हणजे सटवाजीच्या बहिणीची, सिंधुची मुलगी. भूकंपात सिंधु आणि तिचा नवरा दोघंही गेले तेव्हा पुनम सात महिन्यांची होती. महानंदाला मूलबाळ नव्हतं. तिनंच हिला वाढवलं. पुनम मामाला मामाच म्हणायची, पण महानंदाला आई म्हणायची. बारावीला मार्क चांगले पडले, पण मेडिकलला थोडक्यात हुकली म्हणून आता लातूरला रिपीटर बॅचला होती. एका खोलीत चौघी, सकाळी सहाला पहिला क्लास, रविवारी टेस्ट. या रविवारी टेस्ट न देताच ती निलंग्याच्या एसटीत बसली होती.

"दोन महिने झाले, प्रत्येक टेस्टला मार्क खालीच चाललेत," जेवताना ती म्हणाली. "वाचलेलं डोक्यात राहत नाही. झोप येत नाही. सोडून द्यावं वाटतंय."

"सोडून काय करणार, माय?" महानंदा म्हणाली.

"तेच कळेना. उद्या सोमवार आहे ना शेवटचा? तिळोबाला दोरा लाव. वाढलेला निघाला तर मी वर्ष पूर्ण करते. नाही तर बॅग घेऊन येते."

महानंदाच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"ते बंद झालंय आता," ती म्हणाली.

"बंद झालंय म्हणजे धोंडा तर आहे ना. होस्टेलवरच्या पोरी कुठं कुठं जाऊन दोरे बांधून येतात. माझ्या तर घरचाच देव आहे."

सटवाजी हसला. "घरचा देव म्हंजी घरचा मास्तर. पेपर त्योच काढंल आन् त्योच तपासंल."

पुनम हसली नाही. महानंदानं तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली आणि तिला नाही म्हणवलं नाही.

सोमवारी दुपारी निघताना सटवाजीनं महानंदाला गोठ्याशी गाठलं. "हे बघ, काय बी निघू दे, तू वाढला म्हण. पोरगी उद्या सकाळच्या गाडीत बसंल. तुझं बी समाधान, तिचं बी."

"खोटं सांगू?"

"लई मोठ्या गोष्टी नको करू. दोऱ्याचं खोटं ते काय खोटं असतंय?"

महानंदानं मान खाली घातली. पुनम डॉक्टर व्हावी ही तिचीच इच्छा होती. त्यासाठीच तिनं सोळा सोमवार दोनदा केले होते, चातुर्मासात मीठ सोडलं होतं. सिंधुच्या लेकीला डॉक्टर केलं म्हणजे आपल्या माथ्यावरचं काहीतरी उतरेल असं तिला वाटत आलं होतं. आज एक शब्द बोलला की काम होणार होतं. हाच शब्द ती आधी एकदा बोलली होती, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

वाटेत वेशीजवळ चतुराबाई बसली होती. भूकंपानं तिची सून आणि दोन नातवंडं नेली होती. महानंदाच्या हातातला पत्र्याचा डबा बघून तिनं ओळखलं.

"त्या लबाडाकडं निघालाव व्हय?" ती म्हणाली. "वाढला वाढला म्हणून गूळ खाल्ला आमी, आन् दीड महिन्यात गाव खाल्लं त्यानं. माझ्याकडून एक लाथ घाल त्याला, पुनम."

"घालते, आजी," पुनम म्हणाली.

महानंदानं डबा पदराखाली घेतला. अठरा वर्षं सारं गाव तिळोबाला खोटारडा म्हणत आलं होतं. त्याला कुणी निवद दाखवत नव्हतं, शेंदूर लावत नव्हतं. दर सोमवारी घरच्या देवापुढे हात जोडताना पहिल्यांदा तिच्या मनात यायचा तो हाच, रानात उपाशी ठेवलेला देव.

जुनं गाव दोन मैलांवर होतं. दगडमातीच्या ढिगांवर बाभळी आणि घाणेरी माजलेली, मधूनच एखादा उंबरा नाही तर रांजणाचा काठ दिसायचा. चारी बाजूंना सोयाबीन गुडघ्याला लागलेलं. तिळोबाभोवतीचं गवत पुनमनं पायानं दाबलं, अंगावरची माती ओढणीनं पुसली. महानंदानं पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. डबा उघडला. सगळ्यात वर शेवटच्या मोजणीला लावलेला दोरा होता, लाल, अजून तसाच चकचकीत. त्याखाली आधीच्या वर्षांचे सुती दोरे, हळदीनं पिवळे पडलेले.

"मी लांब उभी राहू ना?" पुनमनं विचारलं. "तसाच नेम आहे ना?"

"हाव," महानंदा म्हणाली. मग म्हणाली, "न्हाई. बस हितं. जवळ बस."

पुनम बसली. महानंदानं दोरा हातात घेतला. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

"त्या साली मी ह्यो दोरा लावला, तवा त्यो अपुरा पडला न्हाई. अर्धं बोट वर राहिला."

"म्हणजे?"

"म्हंजी देव वाढला न्हवता. उलटा बारीक झाला हुता."

पुनम आणखी जवळ सरकली.

"मला वाटलं माझ्यामुळं झालं. निरंकार उपास हुता आन् सकाळी तीळ भाजताना मी चार दाणे तोंडात टाकले. भाजले का बघाया. हाताला सवय असती, टाकले आन् मग ध्यानात आलं. थुकून टाकले, चूळ भरली, पर मोडला तो मोडलाच. दोरा वर राहिला तसं वाटलं, देवानं माझी चोरी उघडी केली. सासूबाई समोर हुत्या, अख्खं गाव समोर हुतं. मी दोऱ्याचं टोक बोटाखाली दाबलं आन् म्हणलं, तीळभर कमी पडला. नवा दोरा बेतलाच न्हाई, ह्योच परत डब्यात ठेवला."

तिनं दोऱ्याचं टोक बोटाखाली दाबून दाखवलं, अगदी तेव्हासारखं.

"आदल्या सालापासून जमीन गुरगुरत हुती. माणसं भिऊन रानात निजत हुती, काही घरं तर दिवाळीपासून. त्या सोमवारी मी वाढला म्हणलं आन् मंगळवारी सगळ्यांनी अंथरुणं घरात नेली. चतुराबाईच्या सुनेनं सुदिक. मी बघितलं डोळ्यानं. एकेक जण बाज उचलून आत नेत हुता, आन् मी बघत हुते."

"पण तेव्हा सांगायचं ना," पुनम म्हणाली. "नंतर तरी सांगायचं."

"रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. मग वाटायचं, उपास मोडलेली सून म्हणतील. पुढं अधिक महिना आला. तुझी आई आन् बाप धोंड्याच्या जेवणाला आले, तुला घेऊन. सासूबाई म्हणाल्या, गणपती करूनच जावा. ते राहिले."

उदबत्तीची राख पडली.

"आता जे सांगते ते कुणालाच सांगितलं न्हाई. तुझ्या मामाला बी न्हाई. त्या सोमवारपासून मी घरात निजले न्हाई. मला भ्या वाटायचं. मामा जागलीला रानात असायचे, आन् मी सासूबाईंना सांगितलं, मी व्रत धरलंय, उघड्यावर भुईला पाठ टेकायची. व्रतबीत काय न्हवतं. व्रताच्या नावानं मी माझा जीव वाचवून राहिले हुते. विसर्जन झालं त्या रात्री, म्हंजी भूकंपाच्या रात्रीच, तू लई रडत हुतीस. तुला माझ्याकडं दिलं की तू गप व्हायचीस, म्हणून तुझ्या आईनं तुला माझ्याजवळ आणून टाकलं. म्हणाली, वैनी, मी बी येऊ का बाहेर? आत लई गदमदतंय."

"मग?"

"मी म्हणलं, व्रत माझं हाय, तुझं न्हाई. डास चावत्याल. जा आत."

पुनमनं गुडघ्यांभोवती हात घातले.

"ती बाहेर आली असती तर सासूबाईंनी विचारलं असतं, समदे बाहेर का? म्हणून म्हणलं. एवढ्यासाठी म्हणलं."

सोयाबीनवरून वारा गेला. कुठंतरी लांब ट्रॅक्टर चालू होता. पुनमनं तिच्या हातातला दोरा घेतला, बोटांत फिरवला, पुन्हा फिरवला. वर्गात शिकवलेलं काहीतरी आठवावं तसं तिच्या कपाळावर आठी पडली.

"हा कुणी दिला होता?"

"निलंग्याच्या जिलानी पटवेगरानं, दोरे-गोंडे विकायचा त्यो. दरसाल सुताचाच द्यायचा. त्याच्या आधल्या साली म्हणाला, भाबी, हैदराबाद से आया है, पक्का है, तुटताच नई. देवाचं काम म्हणून पैसं बी घेतलं न्हाईत त्यानं."

पुनमनं आगपेटी घेतली आणि दोऱ्याच्या टोकाचा एक सुटा तंतू ज्योतीला धरला. तो जळाला नाही, वितळून आखडला आणि त्याचा काळा मणी झाला. मग तिनं डब्यातला एक सुती दोरा घेऊन त्याचाही एक तंतू पेटवला. त्याची चिमूटभर राख झाली.

"हा नायलॉन आहे," ती म्हणाली.

तिनं दोन्ही दोरे तांब्यात बुडवले. आधी सुती दोरा तिळोबाभोवती फिरवला. तो दोन बोटं अपुरा पडला. मग लाल दोरा फिरवला. तो अर्धं बोट वर राहिला. तिनं दोन्ही पुन्हा एकदा लावून पाहिले. तसंच निघालं.

"सूत पाण्यात भिजून वाळलं की आखडतं," ती दोऱ्यांकडे बघतच म्हणाली. "तुम्ही दरसाल तो हळदीत बुडवायचात, वाळवायचात, परत ओला करायचात. म्हणून दरसाल तीळभर कमी पडायचा. नायलॉन आखडत नाही. ओला करून ओढला की उलट ताणला जातो. तिळोबा कधी वाढलाच नव्हता, आई. आणि बारीकही झाला नव्हता. तुझ्या तिळाचा त्यात काही संबंध नव्हता."

चार दाण्यांचं पाप महानंदानं अठरा वर्षं उपासांनी धुतलं होतं. ते नव्हतंच, असं ही पोर सांगत होती. क्षणभर तिला हलकं वाटलं, अगदी क्षणभर. कारण पुनमचं बोलणं संपलं नव्हतं.

"फक्त दोरा बदलला होता," पुनम म्हणाली. "आणि तू दिसलं तेवढं सांगितलं असतंस, देव वाढला नाही एवढंच, तर माणसं रानातच झोपली असती. दोरा चुकीचा का असेना. माझी आई बाहेर झोपली असती."

देवानं दरसाल दिलेला कौल खोटा होता आणि ज्या एका साली तो दोऱ्याच्या चुकीनं का होईना कामी आला असता, त्या साली महानंदानं तो बोटाखाली दाबला. तिनं तिळोबापुढे डोकं टेकलं. क्षमा कुणाची मागावी ते तिला कळेना, म्हणून नुसतंच टेकवून ठेवलं.

परतताना पुनम चार पावलं पुढे चालत होती. महानंदाला तिला हाक मारावीशी वाटली, पण पुढे काय बोलावं हे सुचेना. वेशीजवळ चतुराबाई अजून बसलेली होती.

"काय म्हणतोय लबाड? वाढला का?"

महानंदा थांबली. आता सांगायचं होतं. तो लबाड नव्हता, मी होते, एवढं म्हटलं की झालं होतं. तिनं तोंड उघडलं.

"मोजलाच नाही, आजी," पुनम म्हणाली. "दोरा सडला होता."

"बरं केलं," चतुराबाई म्हणाली. "लाथ घातली का न्हाई?"

"विसरले," पुनम म्हणाली आणि पुढे झाली.

महानंदाही तिच्या मागोमाग गेली. आयुष्यात कधी खोटं न बोलणारी पोर आज तिच्यासाठी बोलली होती आणि ती पुन्हा गप्प राहिली होती. घरी पोचेपर्यंत तिच्या मनात येत राहिलं की मागं वळावं, चतुराबाईच्या पायाशी बसावं. पण ती वळली नाही. उद्या जाईन, असं तिनं ठरवलं. असं ती फार वर्षांपूर्वीही रोज ठरवायची.

रात्री सटवाजीनं विचारलं तेव्हा पुनमनंच सांगितलं, "मी सकाळच्या गाडीनं जाते, मामा. वर्ष पूर्ण करते."

"म्हंजी वाढला तर." सटवाजी महानंदाकडे बघून खुशीत हसला. "मी म्हणलं न्हवतं?"

महानंदा ताटं उचलून मोरीकडे गेली.

सकाळी महानंदानं डब्यात शेंगाचटणी आणि धपाटे भरून दिले. पुनमनं घेतले, सवयीनं पाया पडली आणि गाडीत बसली. खिडकीतून हात हलवायची ती दरवेळी. या खेपेला हातात पुस्तक होतं, उघडलेलं. महानंदा गाडी वळेपर्यंत उभी होती. पान काही उलटलं गेलं नाही.

पहिला रविवार गेला, फोन आला नाही. दुसऱ्या रविवारी आला. मामाशी ती चार शब्द बोलली, मग म्हणाली, तिला द्या. महानंदानं फोन कानाला लावला.

"तिला काय आवडायचं खायला?" पुनमनं विचारलं. आई म्हटलं नाही, मामीही म्हटलं नाही.

महानंदाला समजायला थोडा वेळ लागला. पुनम कधी सिंधुबद्दल विचारायचीच नाही. विचारलं तर महानंदा उठून आत जायची, कधी देवापाशी, कधी चुलीपाशी. पोरीनं लहानपणीच ते ओळखलं आणि विचारणं सोडून दिलं. घरात सिंधुचा एक फोटो होता, लग्नातला, नाकात मोठी नथ, मान खाली. पुनमजवळ तेवढीच होती तिची आई.

"अंबाडीची भाजी," महानंदा म्हणाली. "कच्चं तेल घालून. भाकरी कुस्करून."

"बरं," पुनम म्हणाली आणि फोन ठेवला.

मग दर रविवारी एक प्रश्न यायचा. आवाज कसा होता. शाळा कितवीपर्यंत. बापाशी भांडायची का. महानंदा सांगायची. सिंधु विहिरीत पोहायची, मुलांच्या आधी उडी टाकायची. तिला वांग्याचा वास सोसायचा नाही. वैनी म्हणून हाक मारताना शेवटचं अक्षर लांबवायची. सांगताना महानंदाचा आवाज थोडा मोठा व्हायचा आणि सटवाजी दारात उभा राहून ऐकायचा. त्यानंही बहिणीचं नाव कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं. पुनम ऐकून घ्यायची, बरं म्हणायची. तू कशी आहेस, हे तिनं एकदाही विचारलं नाही. टेस्टचे मार्क मामाला सांगायची.

कार्तिकातल्या एका रविवारी पुनमनं विचारलं, "मला आंघोळ घालताना ती काय म्हणायची? काहीतरी म्हणत असेल ना."

म्हणायची. महानंदाला पक्कं ठाऊक होतं की सिंधु काहीतरी म्हणायची. परसात चुलवणाजवळ पाट मांडून, दोन्ही पाय लांब करून, पोरीला पायांवर घेऊन. तेलाची वाटी कुठल्या बाजूला असायची ते दिसत होतं. सिंधुचे ओठ हलताना दिसत होते.

"आठवत न्हाई गं," ती म्हणाली.

पलीकडे होस्टेलच्या पोरींचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

"आठव," पुनम म्हणाली. "मी पुढच्या रविवारी परत विचारते."

फोन बंद झाल्यावर महानंदा तशीच ओट्यावर बसली. सिंधुनंतर ती पोर तिनंच पायांवर घेतली होती, तिनंच वर्षानुवर्षं न्हाऊ घातली होती. ती डोळे मिटून सिंधुचा आवाज ऐकू बघत होती, आणि दरवेळी ऐकू येत होता तो तिचा स्वतःचा.